पायाळू ते पिनपॉइंटर

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतला एक मुलगा माझ्याकडे मोबाईल घेऊन आला. पडद्यावर गाजराच्या आकाराची आणि गाजराच्याच रंगाची चार-पाच उपकरणे होती. "काका, ह्यातला कोणता घेऊ?" त्याने विचारले. मी नाण्यांचा आणि जुन्या कागदांचा नाद असलेला माणूस. नेरळमध्ये मला त्यापलीकडे फारशी ओळख नाही. पण नाण्यांचा नाद असणाऱ्याला गुप्तधनातलेही कळत असणार, असा पंचक्रोशीत एक समज आहे. मुलाच्या आजीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या पडक्या घराच्या जोत्यात हंडा आहे. शिवाय उंबरखिंडीत "काहीतरी मिळतं" असे त्याने ऐकले होते, आणि उल्हास नदीच्या वाळूत सोने असावे असा त्याचा स्वतःचा अंदाज होता.

मी त्याला हसून परत पाठवू शकलो असतो. पण प्रश्न खरा होता, आणि उत्तर शोधताना मीच त्यात इतका अडकलो की हा लेख झाला.

आधी उपकरणाविषयी. जमिनीवरून फिरवायचा लांब दांड्याचा धातुशोधक सिनेमात सर्वांनी पाहिलेला असतो. तो आवाज करतो आणि "इथे कुठेतरी आहे" एवढे सांगतो. खड्डा खणला, मातीचा ढीग झाला, की वस्तू ढिगात आहे, खड्ड्याच्या तळाशी आहे की कडेला, हे त्याला नेमके सांगता येत नाही. तिथे हातात धरायचा वीतभर लांबीचा पिनपॉइंटर लागतो. त्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. धातूजवळ टोक गेले की तो गुणगुणतो किंवा थरथरतो, आणि जसजसे जवळ जावे तसतसा जोर वाढतो. पल्ला बेताचाच. नाण्याएवढी वस्तू चार-पाच सेंटीमीटरवरून कळली तरी पुष्कळ.

गंमत अशी की या जातीचे पहिले गाजलेले उपकरण धन शोधण्यासाठी नव्हतेच. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात कुठे रुतली ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत प्रवर्तनावर चालणारे एक यंत्र घाईने जुळवले, टेलिफोनचा श्रवणभाग कानाला लावला आणि रुग्णाच्या अंगावरून ते फिरवले. दोनदा प्रयत्न झाला, दोन्ही फसले. बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगा हे त्याचे एक कारण. गोळी शरीराच्या भलत्याच भागात शोधली गेली हे दुसरे. सप्टेंबरात गारफिल्ड गेले.

त्या स्प्रिंगांची आठवण मला नेरळमध्ये हमखास येते. कारण आमच्या जमिनीत अशा स्प्रिंगाच स्प्रिंगा आहेत. कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे गेली १८५६ साली; माथेरानची छोटी गाडी धावली १९०७ साली. दोन्ही मार्गांचे खिळे, बोल्ट, पट्ट्या, तुटके तुकडे दीड शतक इथल्या मातीत मिसळत आले आहेत. आणि माती म्हणावी तर ती सह्याद्रीच्या काळ्या कातळाची. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. नदीकाठच्या वाळूत काळी चमकदार रेघ दिसते, तिच्यावर लोहचुंबक फिरवला तर केसाळ सुरवंटासारखा भरून येतो. अशा जमिनीत हलके उपकरण दगडालाच धातू समजून ओरडत राहते.

म्हणून निवडीचा पहिला निकष हा, की आपली जमीन कोणती. पिनपॉइंटर ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. एक सतत लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींतला फरक ऐकतो. तो बारीक वस्तूला तल्लख, पण लोहखनिजाच्या जमिनीत चटकन गोंधळतो. दुसरा विजेचा झटका देतो, थांबतो आणि त्या शांततेत धातूतून उठणारा प्रतिसाद ऐकतो. कोकणच्या जांभ्यात, आमच्या काळ्या कातळात, ओल्या मातीत हा दुसरा अधिक स्थिर. अतिबारीक कण मात्र त्याच्या हातून निसटतात. त्याखेरीज पाहायचे ते असे: टोकाबरोबर कडेनेही धातू कळावा, म्हणजे खड्ड्याची भिंत खरवडावी लागत नाही, तल्लखता कमीजास्त करता यावी आणि जागेवरच्या मातीशी जुळवून घेता यावे, आवाज बंद करून नुसती थरथर ठेवता यावी, आणि पाण्यात पडला तर मरू नये. रायगडात शेवटची अट चैनीची नाही. स्वस्तातल्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. त्यांचे पाणी आणि तल्लखता या दोन्ही बाबतींतले दावे घरच्या बादलीत तपासून पाहावेत.

सोन्याचे काय? उल्हासच्या वाळूत सोने शोधायला जाऊ नये, हे मी मुलाला सरळ सांगितले. दख्खनच्या लाव्हाचे हे खडक सोने धरणारे नव्हेत. कोलार, हट्टी इथले सोने फार जुन्या, वेगळ्या खडकांतले. महाराष्ट्रात त्याच्या खुणा मिळतात त्या पूर्व विदर्भात. आणि जिथे नदीच्या वाळूत सोने असते तिथेही ते बहुधा इतके बारीक असते की पिनपॉइंटरला कळतच नाही. तिथे अजूनही जुनी रीत चालते. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू अडीच-पावणेतीन पट, मॅग्नेटाइट पाचेक पट. उथळ पात्रात घोळत राहिले की हलके वाहून जाते आणि जड तळाशी उरते. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या सोनझारी लोकांनी याच हिशेबावर पिढ्या काढल्या. मुंबईत झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत पहाटे झाडू मारून, गटारातला गाळ धुऊन सोनारांच्या दुकानांतले कण वेचणारे झारेकरी हेही त्याच विद्येचे. मोल्सवर्थच्या कोशात त्यांचा शब्द आहे. इतिहासात त्यांच्यावर पानभर मजकूरही मोठ्या मुश्किलीने सापडतो. एकाही झारेकऱ्याच्या हाती मी यंत्र पाहिलेले नाही.

आपल्याकडे यंत्र नव्हते तेव्हा माणूस होता, आणि इथे हसण्यासारखे काही उरत नाही. पायांकडून जन्मलेले मूल म्हणजे पायाळू. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतला हंडा दिसतो, ही समजूत माझ्या लहानपणी घरोघर होती. माझ्या ओळखीत एक पायाळू बाई होत्या. वीज चमकली की त्यांना घरात घेत, कारण पायाळूवर वीज पडते अशीही समजूत. त्या स्वतः यावर थट्टा करीत. पण त्यांच्या आईने त्या दहा वर्षांच्या होईपर्यंत त्यांना परक्या माणसाबरोबर कधी पाठवले नाही. आईला थट्टा परवडण्यासारखी नव्हती. हंड्यावर राखणदार असतो, तो बळी मागतो, आणि दाखवणारा व बळी पुष्कळदा एकच ठरतो, हे तिला ठाऊक होते. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात १९७२ ते १९७४ या काळात मुली आणि स्त्रिया यांच्या हत्यांची जी मालिका घडली, तिच्या खटल्यात सरकारपक्षाने मांडलेल्या हेतूंत अपत्यप्राप्तीबरोबर गुप्तधन होते. आणि २०१३ साली महाराष्ट्राने नरबळी व जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तेव्हा त्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि जलस्रोत शोधण्याच्या निमित्ताने केलेली अमानुष कृत्ये वेगळी नोंदवावी लागली. त्या मानाने हातात गुणगुणणारे प्लास्टिकचे गाजर हे फार सभ्य साधन आहे, हे मान्य केले पाहिजे.

साधन सभ्य असले तरी कायदा जुनाच आहे. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा. जमिनीत किंवा जमिनीला जडलेल्या कशातही दडलेली मोलाची वस्तू म्हणजे गुप्तधन. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडवणाऱ्याने काय, किती, कुठे आणि कधी मिळाले हे कलेक्टरला लेखी कळवायचे आणि वस्तू सरकारी खजिन्यात ठेवायची किंवा जामीन द्यायचा. कलेक्टर जाहीर नोटीस काढतो आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देतो. शंभर वर्षांच्या आत कोणी पुरल्याचे दिसले नाही, तर धन बेवारस ठरते. मग वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचे. सरकारला ते हवे असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ते घेता येते. लपवले तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माझ्याकडच्या मुलाच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर तीन चुलत्यांची नावे आहेत. हे ऐकून त्याचा चेहरा हंडा सापडण्याआधीच वाटणी झाल्यासारखा झाला.

संरक्षित स्मारकांच्या हद्दीत तर परवान्याशिवाय खणणे हाच गुन्हा. कोंडाण्याची लेणी आमच्या तालुक्यातली. तिथे एका मूर्तीच्या अवशेषाजवळ ब्राह्मीत कोरले आहे की कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव आपल्याला माहीत आहे, ते दगड जागेवर राहिला म्हणून.

जागेवर राहणे आणि एकत्र राहणे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,००० हून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरवलेल्या राजाचे चलन जिंकलेल्या राजाने चालवले, याचा याहून स्पष्ट पुरावा मागूनही मिळाला नसता. पण तो पुरावा प्रमाणात आहे. त्यातली दहा-वीस नाणी इकडे-तिकडे विकली गेली असती आणि बाकी मुशीत गेली असती, तर सुंदर नाणी उरली असती. प्रमाण उरले नसते.

उलट उदाहरण दायमाबादचे. प्रवरेकाठी १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका माणसाला चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. वजन साठ किलोंहून अधिक. महाराष्ट्राच्या भूमीतून याहून थोर धातुशिल्प निघाले असेल असे मला वाटत नाही. पण ती शास्त्रीय उत्खननात, थर पाहून, निघाली नाहीत. पुढे तिथे रीतसर उत्खनन झाले, थर लागले, अभ्यासकांनी ती उत्तर-हडप्पा काळातली ठरवली. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून दुसऱ्या बाजूने त्या काळाविषयी शंका घेतली गेली. खणणाऱ्याची यात चूक काडीची नाही. त्याने ती वितळवली नाहीत, हेच उपकार. पण मुळाखालची माती त्या क्षणी वाचली गेली असती, तर कदाचित हा वाद एवढा चालला नसता.

मग धातुशोधक इतिहासाचा वैरीच का? नाही, आणि याचे उदाहरण फार दूरचे असले तरी द्यायला हवे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न इथे जून १८७६ मध्ये कस्टरची तुकडी कापली गेली. १९८३ साली तिथल्या गवताला वणवा लागला, जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी स्कॉट आणि फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांकरवी रांगेने धातुशोधक फिरवले. आवाज आला की खणायचे नाही, झेंडी रोवायची. प्रत्येक काडतुसाची जागा मोजली, नंतरच उचलले. पुंगळीच्या बुडावर घोड्याच्या आघाताची खूण बंदुकीगणिक वेगळी असते. त्यावरून एकेक बंदूक रणांगणात कुठून कुठे सरकली ते कळले. शेकडो पुस्तकांनी शंभर वर्षांत जे सांगितले नव्हते, ते मोजपट्टीने सांगितले.

हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सिद्धगड आला. भाई कोतवाल माथेरानचे. १९४२ च्या अखेरीस त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पडले. दरवर्षी त्या दिवशी आमच्या भागातून माणसे तिथे जातात. मीही गेलो आहे. गोळीबार कुठून झाला, कोण कुठल्या दगडाआड होता, हे प्रत्येकजण थोडे वेगळे सांगतो. पुंगळ्या आणि शिसे त्या मातीत असतील, तर उत्तर तिथेच पडून आहे. आणि पुरावस्तूची सर्वसाधारण व्याख्या शंभर वर्षांची. म्हणजे १९४३ ची गोळी २०४३ पर्यंत त्या व्याख्येत बसत नाही. आठवण म्हणून कोणी एक उचलली, किल्लीच्या कड्याला लावली, तर तिच्याबरोबर एका माणसाची उभी राहण्याची जागा जाते. उंबरखिंडीचे तेच. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान त्या चिंचोळ्या वाटेत कोंडला गेला, सर्व सामान टाकून सुटला. तिथे बाणाचे एक टोक नुसते मिळण्यापेक्षा कुठल्या उतारावर, कुठल्या दिशेने मिळाले, ते मला अधिक हवे आहे. हे काम विद्यापीठाने, परवानगी काढून, आमच्यासारख्या हौशींना झेंड्या रोवायला लावून करावे. मी रांगेत पहिला उभा राहीन.

मुलाने शेवटी मध्यम किमतीचा, झटके देणारा पिनपॉइंटर घेतला. माझ्या आग्रहाखातर दहा मीटरची टेप, एक वही आणि बॉलपेनही घेतले. चुलत्यांना बोलावून, त्यांच्यासमोर, दिवाळीआधीच्या एका रविवारी आम्ही पडक्या घराचे जोते पाहिले. दोरी बांधून चौकोन पाडले. दिवसभरात एकवीस खिळे, एक कडी, विळ्याचे पाते, रेल्वेचा एक जाडा खिळा (तो तिथे कसा, हे कोणी सांगेना) आणि संध्याकाळी, सव्वा वीत खोल, एक भोकाचा पैसा. १९४४ चा. कलेक्टरला कळवण्याइतकी किंमत नाही, शंभर वर्षेही नाहीत. चुलते चहा पिऊन गेले.

मुलाने पैसा धुऊन आजीच्या तळहातावर ठेवला. तिने तो उलटसुलट केला, भोकातून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "उंबऱ्याच्या आत गावला का भायेर?"

मुलाने वही उघडली. मधल्या दाराच्या उंबऱ्यापासून चौसष्ट सेंटीमीटर, ओटीच्या बाजूला. बाहेर.

"मंग ता दार आधी तितं व्हता," आजी म्हणाली. "सासऱ्यांनी उंबऱ्याखाली पैसा ठेवलेला, मी नवी नवरी व्हते. दार मागं घेतला ता माझ्या थोरल्याच्या टायमाला." मग तिने जुन्या घराचा नकाशा बोटाने जमिनीवर काढायला सुरुवात केली, आणि मुलगा तो वहीत उतरवू लागला.