तीन नेत्र, एक दृष्टि

एकाच प्रसंगाचे तीन साक्षीदार असले म्हणजे सत्य अधिक स्पष्ट होतें, असा सामान्य समज आहे. परंतु त्या तिघांच्या जबान्यांत वेळेचा मेळ नसेल, एकानें पांढरी सांगितलेली वस्तु दुसऱ्यानें पिवळी सांगितली, तर साक्षी वाढल्यानें संशयच वाढतो. चलच्चित्रें टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचीहि गोष्ट अशीच आहे. अनेक कॅमेऱ्यांनीं एक प्रसंग टिपावयाचा तर त्यांच्यांत दोन प्रकारचें ऐक्य असावें लागतें. एक काळाचें व दुसरें प्रकाशाचें. पहिलें यंत्रानें साधलें. दुसऱ्यासाठीं मात्र कलावंताला त्याग करावा लागला.

काळाचा प्रश्न प्रथम सुटला. १८७८ च्या जूनमध्यें कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज यांनीं धांवणाऱ्या घोडीच्या वाटेलगत १२ कॅमेरे २७-२७ इंचांच्या अंतरानें मांडले. वाटेंत आडवे ताणलेले दोरे घोडीच्या धक्क्यानें ओढले जात, व एकामागून एक कॅमेऱ्याचा पडदा उघडून मिटे. दोन चित्रांमध्यें सेकंदाचा सुमारें २५ वा भाग जाई. येथें कॅमेऱ्यांना ताल देणारी ती घोडीच होती!

पुढें १९२७ सालीं बोलपटाचें युग सुरू झालें, तेव्हां हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. आवाज तबकडीवर उमटविला जात असे, आणि तबकडी चित्रफितीप्रमाणें कापतां-जोडतां येत नसे. म्हणून एकाच अखंड प्रसंगाचीं दुरून व जवळून चित्रें हवीं असल्यास अनेक कॅमेरे एकदमच चालवावे लागत. त्यांची खडखड ऐकूं येऊं नये यासाठीं त्यांना बंदिस्त खोल्यांत कोंडीत, आणि विजेच्या मोटारींनीं सर्वांना सेकंदाला २४ चित्रें या एकाच गतीनें फिरवीत. ध्वनीची कापणी-जोडणी साध्य होतांच ही पद्धति मागें पडली. एकच कॅमेरा, आणि प्रत्येक चित्रणासाठीं नव्यानें केलेली प्रकाशयोजना, हा हॉलीवुडचा शिरस्ता कायम झाला.

तो मोडला १९५१ सालीं. ल्यूसिल बॉल या विनोदी नटीची 'आय लव्ह ल्यूसी' ही दूरचित्रवाणीमालिका चित्रफितीवर घ्यावयाची होती. पण तिचा अभिनय खुलत असे तो समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढें. प्रेक्षक पहिल्यांदा जसे हंसतात तसे दुसऱ्यांदा हंसत नाहींत. त्यामुळें कॅमेरा हलवून तोच प्रसंग पुन्हां करण्याची सोय उरली नाहीं. सुमारें ३०० प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे एकाच वेळीं चालविण्याचें ठरलें, आणि छायाचित्रणाचें काम कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे आलें.

हे फ्रॉइंड म्हणजे छायेचे जादूगार. १९२४ चा 'द लास्ट लाफ' व १९२७ चा 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटांच्या छायाचित्रणांत त्यांचा मोठा वांटा होता. परंतु छाया ही एका स्थानावरूनच सुंदर दिसते. जो अंधार एका कॅमेऱ्याला गालावरची नाजूक छटा वाटतो, तोच बाजूच्या कॅमेऱ्याला तोंडावर फांसलेलें काजळ वाटतो. मग फ्रॉइंड यांनीं बहुतेक दिवे जमिनीवरून उचलून वर टांगले, सर्व रंगमंचावर सारखा उजेड पसरला, आणि भिंती-सामान करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत रंगवून घेतलें. मधला कॅमेरा दूरचें दृश्य टिपी, बाजूचे दोन जवळचे चेहरे टिपीत. कोणत्याहि एका कॅमेऱ्याला सर्वोत्तम चित्र मिळालें नाहीं. परंतु तिघांचीं चित्रें एकमेकांशीं जुळलीं. ज्यांनीं आयुष्यभर अंधार रंगविला त्यांनीं हंसणाऱ्या एका क्षणासाठीं तो सोडून दिला, हें मला या इतिहासांतील मर्म वाटतें.

त्यानंतर यंत्रें बदललीं. १९६७ च्या सुमारास प्रत्येक चित्रावर तास, मिनिट, सेकंद व चित्रक्रमांक नोंदविणारा कालसंकेत प्रचारांत आला. आज लग्नसमारंभांतहि तीन लहान कॅमेरे सहज दिसतात. त्यांतील स्फटिकांच्या घड्याळांत दहा लाखांत दहा भागांचा जरी फरक असला, तरी तासाभरांत ३६ सहस्रांश सेकंदांची तफावत पडते. म्हणजे सेकंदाला २५ चित्रें धरल्यास जवळजवळ एका चित्राची. आरंभीं टाळी वाजवून व मधूनमधून मेळ घालून ती भरून काढतां येते.

प्रकाशाचें दुखणें मात्र जुनेंच आहे. प्रत्येक कॅमेरा आपल्यापुढील उजेड पाहून पांढरा रंग कोणता तें आपणच ठरवूं लागला, कीं वधूचा शालू एका चित्रांत तांबूस तर दुसऱ्यांत निळसर दिसतो. उपाय साधा आहे: स्वयंचलित निवड बंद करावी, आणि एकाच उजेडांत एकच पांढरा कागद सर्व कॅमेऱ्यांना दाखवून मग कामास लागावें. प्रत्येकानें स्वतःचें मत थोडें बाजूस ठेवून एक सामान्य प्रमाण मानलें, तरच अनेक नेत्रांची एक दृष्टि होते. फ्रॉइंड यांनीं तें प्रमाण छतावरच्या दिव्यांत शोधलें; आपल्याला तें कागदाच्या एका तुकड्यांत सांपडतें, एवढाच काय तो फरक.