तडीस नेणे आणि निकालात काढणे

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाची भाषा घरापुरती उरते. कचेरीतला त्याचा दिवस इंग्रजी क्रियापदांवर जातो. चेन्नईच्या कचेरीत आम्ही हुकूम ‘एक्झिक्यूट’ करतो, योजना ‘इम्प्लिमेंट’ करतो आणि महिनाअखेर ‘डिस्पोज’ झालेल्या प्रकरणांची संख्या मांडतो. ही तिन्ही क्रियापदे जवळजवळ एकाच अर्थाची, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती.

‘एक्झिक्यूट’चा लॅटिन धात्वर्थ शेवटापर्यंत पाठपुरावा करणे, ‘इम्प्लिमेंट’च्या मुळाशी भरून काढणे आहे. ‘डिस्पोज’ मात्र निराळ्या जातीचे. त्याच्या मुळाशी वस्तू वेगवेगळ्या मांडून ठेवणे एवढेच आहे. मेजावरचा ढीग आवरला की त्याचे काम झाले.

आपल्या भाषेतही हाच भेद आहे. काम आपण ‘पार पाडतो’ किंवा ‘तडीस नेतो’. पार म्हणजे पैलतीर आणि तड म्हणजे काठ. दोन्ही प्रयोग नदी उतरणाऱ्यांचे. प्रवाह अर्धा ओलांडून नावाडी ‘काम झाले’ असे म्हणू शकत नाही. ‘निकालात काढणे’ याचा मूळ अर्थ मात्र बाहेर काढणे, आणि एखाद्याची बोळवण करण्यासही आपण हेच शब्द वापरतो.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. दहा वर्गांच्या त्या पद्यकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. तो कोश मुख्यतः नामांचा. हुकुमाचा अंमल आणि बजावणी मात्र दफ्तरात पूर्वीच्याच शब्दांनी चालू राहिली. पदाचे नाव राजाज्ञेने पालटते; काम करण्याचे शब्द कारकुनाच्या बोटांत असतात, ते इतक्या सहज पालटत नाहीत.

याची साक्ष दक्षिणेत मिळते. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तेथे टिकली. त्या दरबाराची मोडी कागदपत्रे आजही तंजावरास आहेत. मराठी दफ्तरदारी आणि आर्काटची नवाबी यांच्या सहवासात राहिलेल्या तमिळ भाषेत अमल, वसूल, रद्द, दाखल आणि फैसल हे शब्द थोड्या बदललेल्या उच्चारांनी नांदत आहेत. चेन्नईचे वृत्तपत्र उघडावे. अर्ज ‘ताक्कल’ झाला, आदेश ‘रत्तु’ झाला, असे वाचून आपल्या ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटते. तमिळांचा स्वतःचा शब्द ‘निरैवेट्रु’ तर फारच सुंदर आहे. पूर्णतेस चढविणे, असा त्याचा अर्थ होतो.

येथवरचा इतिहास अभिमानाचा झाला. पुढचा तसा नाही, म्हणूनच तो सांगितला पाहिजे. कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यात कित्येक जिल्ह्यांच्या हुजूर कचेऱ्या देशस्थ मराठी शिरस्तेदारांच्या हाती होत्या आणि हिशेब मराठीत राहात. रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी १७८८ ते १८४८ या काळातील गुंतूर जिल्ह्यावर १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मद्रासेहून हुकूम सुटत, जिल्ह्याहून त्यांची उत्तरे जात, परंतु प्रत्यक्ष सत्ता कचेरीतील अंमलदार आणि गावचे वतनदार यांच्यातच मुरत असे, हे त्या ग्रंथात दिसते. १८३२-३३ च्या भीषण दुष्काळाने जिल्हा उजाड झाला. पुढे वॉल्टर इलियट यांनी चौकशी करून १८४६ साली अहवाल दिला, तेव्हा कारभाराची पोकळी उघडी पडली. कागद चोख होता. काम मात्र तडीस गेलेले नव्हते. दोष साहेबाचा होता, तसा शिरस्तेदाराचाही होता. आणि तो शिरस्तेदार आपल्यापैकी होता.

हे वाचताना आमचेच एक प्रकरण आम्हांस आठवले. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका कचेरीत असताना एका वृद्ध बाईंचा कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचा अर्ज आमच्याकडे आला. एक दाखला कमी होता. तो मागविणारे पत्र आम्ही त्याच दिवशी दुसऱ्या शाखेस धाडले, प्रकरण ‘डिस्पोज’ म्हणून नोंदविले आणि महिन्याच्या तक्त्यात एक आकडा वाढला. सहा महिन्यांनी त्या बाई आमच्या मेजापुढे उभ्या राहिल्या. पत्राचे उत्तर आले नव्हते, आणि ते आम्ही विचारलेही नव्हते. आमच्या नोंदवहीत त्यांचे काम संपले होते. त्यांच्या घरी ते सुरूच झाले नव्हते. त्या रागावल्या नाहीत. “आता कोणाकडे जाऊ, साहेब?” एवढेच त्यांनी विचारले. तो दाखला आम्ही स्वतः जाऊन आणला. त्याला दोन दिवस लागले.

दूरच्या प्रांतात आपल्यापुढे उभा राहणारा माणूस बहुधा आपली भाषा जाणत नाही, आणि आपणही त्याची नीट जाणत नाही. म्हणूनच क्रियापद कोणते वापरावे, याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते. तक्त्यात इंग्रजी शब्द लिहावाच लागेल. तो आम्हीही लिहितो. मात्र लिहिण्यापूर्वी मनाशी मराठीत एकदा विचारतो, हे काम तडीस गेले की केवळ निकालात निघाले? उत्तर दुसरे असेल, तर फाईल त्या दिवशी मेजावरच राहते.