स्वराज्यरक्षक संभाजी : मालिकेतलं राजकारण खरं किती?

तुर्की मालिकांमधला घोड्यावरचा उस्मान आता मराठी मोबाइलवरही दिसू लागलाय. शत्रू सीमेपलीकडे आणि फितूर घरातच, हे तिचं सूत्र. आपल्याकडे हेच सूत्र रोज रात्री घराघरांत पाहिलं गेलं ते झी मराठीवरच्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये. २४ सप्टेंबर २०१७ ते २९ फेब्रुवारी २०२० अशी ही मालिका चालली. संभाजीराजांची भूमिका डॉ. अमोल कोल्हे यांनी केली, तर येसूबाईंची प्राजक्ता गायकवाड यांनी.

मालिका संपली, पण तिचे तुकडे फिरतच राहिले. कमेंटमध्ये भांडण लागलं की पुरावा म्हणून तेच टाकले जातात. म्हणून मूळ घटना माहीत असलेल्या बऱ्या.

शिवाजी महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० ला रायगडावर झालं. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. सोयराबाई, अण्णाजी दत्तो आणि काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. डाव उलटला तो सेनापती हंबीरराव मोहित्यांमुळे. ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ, तरी त्यांनी साथ दिली संभाजीराजांना. जूनमध्ये रायगड ताब्यात आला आणि १६ जानेवारी १६८१ ला राज्याभिषेक झाला.

यानंतर नंदुरबार-खानदेशच्या वाचकांनी लक्ष द्यावं असा भाग येतो. अभिषेकाला जेमतेम दोन आठवडे होतात तोच मराठी फौज बुऱ्हाणपूरवर होती. हे खानदेश सुभ्याचं मुख्य शहर. सुरतेहून नवापूर, नंदुरबार करत जाणारी व्यापाराची वाट तिथेच पोचायची. तटाबाहेरचं श्रीमंत बहादूरपुरा लुटून फौज साल्हेरकडे निसटली. पुढे औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर खानदेश-बागलाणमार्गेच संभाजीराजांच्या आश्रयाला आला. आमच्या मते गादीच्या भांडणाइतकीच चर्चा या मोहिमेची व्हायला हवी होती.

१६८१ मध्येच दुसरा कट उघडकीस आला आणि अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना देहदंड झाला. यातलं बाळाजींचं नाव लक्षात ठेवा. संभाजीराजांची जी बदनाम प्रतिमा पुढे रूढ झाली, तिला मोठा आधार मिळाला तो मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा. ती लिहिली गेली सव्वाशे वर्षांनी, आणि मल्हार रामराव बाळाजींच्याच घराण्यातले. सोयराबाईंना भिंतीत चिणल्याची गोष्टही अशीच नाटकांतून फिरत राहिली. रायगड घेताच हे घडलं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू ऑक्टोबर १६८१ चा, म्हणजे रायगड ताब्यात आल्यावर सव्वा वर्षाहून अधिक काळाने. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रं तपासून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा हे चित्र बदलू लागलं.

दुसरं टोकही आहे. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले, ही नोंद पक्की आहे. ती का घडली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एखादा व्हिडिओ त्याचं एकच उत्तर छातीठोकपणे देत असेल, तर ते त्या लेखकाचं उत्तर समजावं.

उस्मानचंही तसंच. त्याने काका दुंदारला बाणाने मारलं, ही गोष्ट नेश्री या इतिहासकाराने लिहिली ती उस्मानच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.