मूठ : तलवार, पट्टा आणि पिस्तूल यांच्या पकडीचा विचार

प्रस्तावना

शस्त्रांच्या इतिहासलेखनात पात्याला जेवढा मान मिळाला, तेवढा मुठीच्या वाट्याला आला नाही. पाते कोठले, त्यावर शिक्का कोणता, लांबी किती, याची नोंद अभ्यासक साक्षेपाने करतात. मुठीविषयी मात्र 'नक्षीदार' किंवा 'रत्नजडित' एवढा शेरा मारून पुढे जातात. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट येथील संस्थानिक भोसले घराण्याचे शस्त्रागार पाहताना प्रस्तुत लेखकाला ही उणीव प्रथम जाणवली. एकाच भिंतीवर मांडलेल्या तलवारींच्या मुठी एकमेकींपासून इतक्या भिन्न का असाव्यात, हा प्रश्न तेथे सुचला. शस्त्र धरणाऱ्या हाताला सोयीचे करून घेण्याच्या प्रयत्नांचा मागोवा घेणे, हा या निबंधाचा उद्देश आहे.

पाते परके, मूठ आपली

सतराव्या शतकात दख्खनमध्ये युरोपीय पात्यांना मोठी मागणी होती. अशा सरळ, लांब पात्याच्या तलवारीला 'फिरंग' हे नावच पडले. मराठीत तिला 'धोप' असेही म्हणतात. पाते समुद्रमार्गे येई. मूठ मात्र बहुधा येथील कारागीर बसवीत. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातील 'जगदंबा' तलवार हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. प्रिन्स ऑफ वेल्सच्या 1875-76 च्या हिंदुस्थान दौऱ्यात ती कोल्हापूरकरांकडून भेट म्हणून गेली. तिचे पाते युरोपीय असून मूठ हिंदी घडणीची आहे.

ही अदलाबदल शक्य झाली ती मूठ बसविण्याच्या पद्धतीमुळे. पात्याचा निमुळता मागील भाग पोकळ मुठीत घालून लाख व राळ यांच्या मिश्रणाने तो पक्का केला जाई. मूठ तापविली की मिश्रण मऊ होऊन पाते सुटे होई. म्हणजे मोडलेले पाते टाकून नवे बसविता येई, तसेच जुन्या पात्याला दुसरी मूठही देता येई. बापाची तलवार मुलाच्या हाताला जुळवून घेण्याची सोय या साध्या युक्तीत होती. शिकलगारांच्या कसबाचा उल्लेख धार लावण्यापुरताच करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती पुरेशी नाही, असे वाटते.

फिरंगेच्या मुठीची रचना पाहण्यासारखी आहे. हाताला झाकणारी रुंद परज, बोटांवरून जाणारी पट्टी, आतून कापडाची गादी आणि माथ्यावर मागे निघालेला लोखंडी दांडा. लांब व जड पाते एका हाताने पेलेनासे झाले की दुसरा हात या दांड्यावर टेकविता येई. तलवार म्यानात असताना हात विसावण्यासही त्याचा उपयोग होता.

'लहान हाता'ची गोष्ट

वक्र पात्याच्या तलवारीची मूठ याहून निराळी असते. तिच्या माथ्यावर थाळीसारखी चकती असून परज व चकती यांमधील जागा आजच्या हाताला तोकडी वाटते. यावरून हिंदी लोकांचे हात लहान होते, असा समज वसाहतकाळापासून रूढ झाला आणि संग्रहालयांतून तो आजही ऐकू येतो. ब्रिटिश लष्कराच्या 1908 च्या घोडदळी तलवारीची हिंदी पलटणींसाठी जी स्वतंत्र आवृत्ती निघाली, तिची मूठही लहान ठेवण्यात आली. शरीराविषयीचा एक समज अशा रीतीने कारखान्याच्या मापात उतरला.

खंडेनवमीला एका परिचिताच्या घरी पूजेतील तलवार हाती घेण्याचा योग आला, तेव्हा हातोडीप्रमाणे सरळ मूठ आवळताच चकती मनगटाला टोचू लागली. घरातील वृद्धांनी तर्जनी परजेवरून पुढे घेण्यास सांगितले आणि पकड तत्काळ सुखाची झाली. पुष्कळ तलवारींच्या पात्याचा परजेलगतचा भाग बिनधारेचा ठेवलेला असतो, त्याचे कारण येथे उलगडते. मुठीचा मधला फुगवटा तळहातात बसतो, चकती हात मागे सरकू देत नाही आणि मनगट फार वाकू शकत नसल्याने वार भोसकण्याऐवजी ओढून कापण्याचा होतो. तेव्हा मूठ लहान आहे ती हात लहान म्हणून नव्हे. हात तिच्यात जखडून राहावा म्हणून. एका दिवसाच्या अनुभवावर सिद्धान्त उभारू नये हे मान्य. परंतु तलवार न धरता काढलेला निष्कर्ष त्याहून कच्चा ठरतो.

मनगट बांधणे आणि मोकळे ठेवणे

दांडपट्ट्यात हा विचार टोकाला गेलेला दिसतो. 2024 मध्ये राज्यशस्त्राचा दर्जा मिळालेल्या या शस्त्राची मूठ म्हणजे कोपरापर्यंत पोहोचणारे लोखंडी खोबळेच असते. आतील आडवी दांडी मुठीत धरायची आणि वरचा पट्टा हाताभोवती येतो. मनगट पूर्णपणे बंद झाल्याने फिरविण्याचे काम कोपर व खांदा करतात. पट्टेबाजीत सर्व शरीर फिरते, ते याच कारणाने.

पिस्तुलाच्या बाबतीत नेमके उलट घडले. तलवारीची मूठ वार करणाऱ्या हातासाठी असते, पिस्तुलाची मूठ निश्चल राहणाऱ्या हातासाठी. नेमबाजीच्या स्पर्धांत खेळाडू अक्रोडाच्या लाकडाची मूठ आपल्या तळहाताच्या ठशाप्रमाणे कोरून, घासून, प्रसंगी लाकडी लगदा भरून जुळवून घेतात. बोटांना खाचा, अंगठ्याला खोलगट जागा आणि तळहाताच्या खालच्या कडेला आधार देणारी सरकती फळी, असे तिचे स्वरूप असते. ट्रिगरपर्यंत तर्जनी सरळ पोहोचावी आणि दाबताना नळी बाजूला ढळू नये, हा त्यामागील हेतू. पण मुभा अमर्याद नाही. 25 मीटर प्रकारातील पिस्तूल मुठीसह 300 × 150 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, आणि मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देता कामा नये. दांडपट्ट्याने जे मुद्दाम केले, तेच येथे नियमबाह्य आहे.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच 25 मीटर पिस्तूल प्रकारात 2013 मध्ये चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेचे आणि 2018 मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. ज्या कोल्हापुरातून 'जगदंबा' विलायतेस गेली, त्याच शहरातील खेळाडूच्या पिस्तुलाची मूठ उद्या एखाद्या संग्रहालयात आली, तर तिच्यापुढील चिठ्ठीवर केवळ पदकांची नावे न लिहिता तिची मापे, लाकूड आणि झिजलेल्या जागाही नोंदवाव्यात. अक्कलकोटसारख्या संग्रहांतील मुठींबाबत हे काम आजही करता येण्यासारखे आहे. त्यासाठी मोजपट्टी, वजनकाटा आणि शस्त्र हाती घेण्याची परवानगी एवढेच लागते.