पानिपतानंतरचे नानासाहेब : शोक आणि स्मृति

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांस १७४० मध्यें, वयाच्या विसाव्या वर्षीं, पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. रणांगणापेक्षां दप्तरांत त्यांचें मन अधिक रमे. हिशेब, पत्रव्यवहार आणि माणसांची पारख हेंच त्यांचें बळ. कात्रजहून नळानें पुणें शहरास पाणी त्यांनींच आणविलें.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर ज्येष्ठ पुत्र विश्वासराव पडले व चुलतबंधु सदाशिवरावभाऊही गेले. मदतीस निघालेल्या पेशव्यांस ही वार्ता माळव्यांत भेलशाजवळ कळली. प्रकृति आधींच खालावलेली होती. ते पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर त्यांचा अंत झाला. त्यांच्या मनाच्या शक्ति हळूहळू लोपत गेल्या, असें ग्रँट डफ यानें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. लोकांनीं मात्र दोनच शब्दांत निकाल दिला : 'हाय खाल्ली'.

हाय खाल्ल्यानें बुद्धि कां मंदावते, याचा उलगडा आतां बराचसा झाला आहे. तीव्र नैराश्यांत पहिला घाला पडतो तो अवधानावर. गोष्ट मनांत नोंदलीच जात नाहीं, मग ती आठवावी कोठून? विचारांची गति मंदावते. साधा निर्णयही डोंगराएवढा वाटतो. सुखाचा एखादा दिवस सांगा म्हटलें, तर रोग्यास नेमका प्रसंग आठवत नाहीं. विकार दीर्घकाळ राहिला, तर स्मृतीशीं संबंध असलेला मेंदूंतील हिप्पोकॅम्पस हा भागही अनेकांत किंचित् लहान आढळतो.

अडीचशेंहून अधिक वर्षांनंतर नानासाहेबांच्या रोगाचें निदान करणें धाडसाचें होईल. झिजविणारी शारीरिक व्याधीही बुद्धि मंद करते. परंतु त्या पांच महिन्यांस मनाचा दुबळेपणा म्हणणें न्यायाचें नाहीं. इतकीं वर्षें दौलतीचा हिशेब वाहिलेलें तें मन होतें.

घरांतील कर्तें माणूस मोठ्या दुःखानंतर हिशेबांत चुकूं लागलें, बोलतां बोलतां अडूं लागलें, तर त्यास आळशी म्हणूं नये, कीं म्हातारचळ लागला असेंही ठरवूं नये. वृद्धांत हा विकार हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखा दिसतो. दोहोंतील भेद डॉक्टरांनींच पारखावा. उपचारांनीं नैराश्य ओसरलें, कीं स्मृति व विचारशक्ति बहुधा सुधारते. कांहींजणांस मात्र अवधान सांवरण्यास अधिक काळ लागतो. १७६१ सालीं हा उपाय कोणाच्याच हातीं नव्हता. आज तो आहे.