कंबरेच्या घेराचा मागोवा

नाशिकच्या पुरुषाने व्यायाम कशासाठी करावा, याचं सर्वांत जुनं उत्तर टाकळीला मिळतं. नंदिनी, म्हणजे आजची नासर्डी, जिथे गोदावरीला मिळते तिथे १६२०च्या सुमारास जांबहून आलेला एक बारा वर्षांचा मुलगा राहू लागला. पुढे तो समर्थ रामदास झाला. टाकळीतल्या बारा वर्षांत ते नदीच्या पाण्यात उभं राहून जप करत आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असं समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते. आकड्याची खातरजमा आता कुणी करू शकत नाही, पण तो आकडा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला याला अर्थ आहे. जोर काढणाऱ्या प्रत्येक पोरासमोर तो ठेवला जात होता. समर्थांचा मारुती तालमीत आला आणि नमस्कार बळासाठी घालायचे हे ठरून गेलं. पोट कमी करण्याचा विचार त्यात कुठेच नव्हता.

बळाची ही परंपरा नाशिकच्या आसपास चांगलीच रुजली. मल्लखांबाचे जनक मानले जाणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. ते स्वीकारण्याआधी बाळंभटदादा वणीच्या सप्तशृंग गडावर जाऊन बसले आणि तिथे मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी मल्लखांबात एक गोष्ट उघड आहे: इथे स्वतःचं वजन स्वतःलाच उचलावं लागतं. वाढलेलं पोट घेऊन खांबावर दसरंगासारखा डाव करता येत नाही. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या संस्थांनी हा खेळ सांभाळला, म्हणून शहराच्या मध्यवस्तीत आजही मुलं खांबाला तेल लावताना दिसतात.

कुस्तीचं गणित वेगळं होतं. तिथे वजन हवंच असायचं. पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका, मग माती उकरणं, लढती, आणि त्यावर खुराक: दूध, तूप, खारीक, बदामाची थंडाई. ज्या समाजात बहुतेकांना दोन वेळ पोटभर मिळत नव्हतं, तिथे भरलेलं अंग ही कमाई होती. पोरगा ‘अंगाला लागला’ की आईला बरं वाटायचं. हे आठवलं की आजच्या घराघरांतला एक प्रश्न समजतो. पहिलवानाचा खुराक आपल्या कौतुकात राहिला, पण त्यामागची पहाटेची मेहनत राहिली नाही. कुस्ती सोडलेल्या पहिलवानाचं अंग दोन-तीन वर्षांत कसं सुटतं, हे प्रत्येक गावाने पाहिलेलं आहे. मेहनत थांबते, ताट मात्र तेवढंच राहतं.

लठ्ठपणाला दोष मानणारा विचार आपल्याकडे होताच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या माणसांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचं वर्णन विस्ताराने येतं. स्थूलाचं आयुष्य घटतं, हालचाल मंदावते, घाम आणि भूक-तहान वाढते, असं तिथे म्हटलं आहे. उपायांत जव, मूग, कुळीथ अशी धान्यं-कडधान्यं आहेत आणि हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम आहे. हा कुळीथ म्हणजे आपला हुलगा. पेठ-सुरगाण्याची नागली, कोरडवाहू भागातली बाजरी आणि हुलगे हे नाशिक जिल्ह्याचं साधं जेवण होतं. हातात पैसा आला तसं ते गरिबीचं अन्न ठरून ताटातून मागे पडलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आज आहारतज्ज्ञ जे खायला सांगतात ते आपण नुकतंच टाकून दिलं होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गोष्टीला वळण देणारा माणूस भेटतो, तो औंध संस्थानात. बाळासाहेब ऊर्फ भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा. त्या काळात युरोपात यूजेन सँडो या जर्मन बलवानाचं नाव गाजत होतं. भवानरावांनी १८९७मध्ये त्याचं पुस्तक आणि साहित्य मागवलं आणि दहा वर्षं नेमाने तो व्यायाम केला. मग मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून १९०८पासून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे तेच करत राहिले. १९०९मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी औंध संस्थानाच्या शाळांत नमस्कार सुरू केले. १९२८मध्ये त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि १९३८मध्ये लंडनहून लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेली त्याची नवी आवृत्ती बाहेर पडली.

या प्रयत्नात नवं काय होतं? तालमीत जाणारा पोरगा पहिलवान व्हायला जाई. भवानरावांचा नमस्कार कारकुनासाठी होता, शाळामास्तरासाठी होता, चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थासाठी होता. त्याला आखाडा लागत नव्हता, उस्ताद लागत नव्हता, साहित्याचा खर्च नव्हता. चटईएवढी जागा पुरे होती. व्यायामाचं आश्वासन बळाकडून आरोग्याकडे सरकलं ते इथे. बसून काम करणाऱ्या मराठी पुरुषाचा विचार करून सांगितलेला हा पहिला मोठा व्यायाम, असं मी मानतो.

नाशिकमध्ये असा बसून काम करणारा पुरुष त्याच सुमाराला वाढू लागला होता. १९२०च्या दशकात नाशिकरोडला सरकारी छापखाने आले, स्वातंत्र्यानंतर ओझरला विमानांचा कारखाना आला, मग सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. शेतावरचा मुलगा कामगार झाला. घरून डबा तोच, भाकरीच्या जागी पोळ्या, दोन शिफ्टमध्ये साखरेचा चहा आणि रात्रपाळीला वडापाव. सुरुवातीला सायकलने कामावर जाणं तरी होतं. नंतर स्कूटर आली आणि तेही गेलं.

तरीही आपले लोक विदेशी लोकांएवढे जाड दिसत नव्हते, म्हणून बरीच वर्षं कुणाला काळजी वाटली नाही. ती का वाटायला हवी होती, हे पुण्याने दाखवलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास करत होते. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, या गावांतल्या बाळांचं २.७ किलो. बाळं लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. बारीक दिसणारं बाळ आतून चरबी राखूनच जन्माला येत होतं. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

हा फोटो प्रत्येक मराठी पुरुषाने एकदा नीट पाहायला हवा. वजनकाटा आपल्याला खोटा धीर देतो. पिढ्यान्‌पिढ्या टंचाईत वाढलेल्या शरीरात स्नायू कमी असतात आणि वाढलेलं वजन पोटात, यकृताभोवती साठतं. म्हणून भारतीय पुरुषासाठी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असं इथल्या डॉक्टरांनी २००९मध्ये ठरवलं. हा घेर पँटच्या नंबरावरून कळत नाही. पोट वाढलं की पट्टा पोटाखाली सरकतो, नंबर ३४चा ३४च राहतो. टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर लावायची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ किंवा त्याहून जास्त बॉडी मास इंडेक्स असलेले पुरुष २००५-०६मध्ये ९.३ टक्के होते, २०१५-१६मध्ये १८.९ आणि २०१९-२१मध्ये २२.९ टक्के. याच शेवटच्या फेरीत कंबर आणि नितंबांच्या मापाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर असलेले पुरुष मात्र ४७.७ टक्के निघाले. या दोन आकड्यांमधल्या अंतरातच आपली सगळी फसगत आहे.

आता नाशिकची सकाळ बघण्यासारखी असते. गोल्फ क्लब मैदान, कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक, पांडवलेणीच्या पायऱ्या माणसांनी भरलेल्या असतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून शहरात सायकलीला वेगळाच मान आला. पण रविवारी त्याच रस्त्यांवर मिसळीसाठी रांगा लागतात. तासभर भरभर चालून साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. फरसाण, तर्री, पाव, पापड आणि वर जिलेबी घेतली की त्याहून जास्त परत येतात. मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही. ती आमच्या गावाची आहे. पण ती व्यायामाचं बक्षीस म्हणून खाऊ नये, दुपारचं जेवण म्हणून खावी आणि पाव अर्धा टाकावा.

आहाराच्या बाजूने महाराष्ट्रात मोठी लाट आली ती नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवतं, म्हणून दिवसातून दोनदाच खा, हे त्यांचं म्हणणं डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेलं: कडकडून भूक लागेल तेव्हा दोनदा जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यात पैसे लागत नाहीत, म्हणून ते गावोगावी पोचलं. दिवसभर चालणारं चरणं, दर तासाचा गोड चहा, यावर त्याने बोट ठेवलं, हे त्याचं मोठं काम. मात्र वेळेच्या बंधनात वेगळी जादू आहे असं दिसत नाही. २०२२मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ रुग्णांवरच्या वर्षभराच्या अभ्यासात तेवढ्याच कमी कॅलरी खाणाऱ्या दोन गटांत, ठरावीक आठ तासांतच खाणाऱ्यांचं वजन फार वेगळं घटलं नाही. एकूण खाणं कमी होणं महत्त्वाचं, मग ते ज्याला ज्या रीतीने जमेल तसं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं बदलू नयेत, साखर अचानक खाली जाऊ शकते.

आणि फक्त उपाशी राहून घटलेल्या वजनात साधारण पाव वाटा स्नायूंचा असू शकतो. मुळात कमी स्नायू असलेल्या आपल्या शरीराला हे परवडणारं नाही, कारण जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. इथे टाकळी आणि तालीम पुन्हा कामाची ठरते. जोर, बैठका, नमस्कार हे आठवड्यातून दोन-तीनदा तरी हवेत, आणि ताटात मूग, मटकी, हुलगे, अंडी, दही असं प्रथिन. खुराक जुना नको, मेहनत जुनी हवी.

पुरुष हे करतील का, असा प्रश्न असतो. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेला दक्षिण भारतातला एक अभ्यास ३५ ते ५५ वर्षांच्या ५३७ नोकरदार पुरुषांवर झाला. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. अर्ध्यांना आहार-व्यायामाची आठवण करून देणारे साधे मोबाइल संदेश पाठवले गेले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हे उद्या सुरू करता येईल. वार्षिक तपासणीत वजनाच्या रकान्याशेजारी कंबरेच्या घेराचा एक रकाना वाढवायचा, कॅन्टीनमध्ये चहात साखर वेगळी द्यायची आणि शिफ्ट संपल्यावर दहा मिनिटं नमस्कारांना जागा मोकळी ठेवायची.