किल्लारी आणि भूकंपाचा नकाशा

गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. सुमारे आठ हजार माणसे गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता! माणसे दगावली ती घरांखाली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद. भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नसल्याने ते सुटून ढासळले. २००२ मध्ये झोन १ रद्दच झाला आणि लातूर झोन ३ मध्ये गेले. त्याच नकाशात आपले बोम्मसंद्रा झोन २ मध्ये, म्हणून निर्धास्त राहू नका. इथे तळमजल्यावर नुसते पार्किंगचे खांब असलेली इमारत दिसली, तर तो मजला वरच्यांपेक्षा किती लवचीक आहे, ते आधी तपासा.